वाचून दाखविले

अध्यक्षमहाराज, बापूसाहेबांच्या घरची मंडळी, वकील मंडळी आणि इथं जमलेल्या आयाबहिणींनो,

"ऐकणारीला कळलं नाही, तर तो कागद कोराच समजायचा, बाई." चौदा वर्षांपूर्वी बापूसाहेब वकील मला हे म्हणाले. त्यांच्या कचेरीतला तो माझा पहिला दिवस. आज त्यांच्याच शोकसभेत बोलायला उभी आहे आणि त्या वाक्याच्या पुढं मला जाता येत नाहीये. थोडी सवड द्या. मागं बसलेल्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा. हेही त्यांनीच शिकवलं.

तुमच्यातल्या पुष्कळांना मी 'वाचणाऱ्या बाई' म्हणून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बापूसाहेबांचं काम कर्जाच्या कागदांचं. गहाणखतं, जामीनखतं, पेढ्यांचे करार. पडद्यातल्या किंवा अक्षर न येणाऱ्या बाईनं अंगठा दिला, तर कागद तिला वाचून, समजावून दिला होता हे कोर्टाला पटवावं लागतं. पुरुष कारकून माजघरात कसा जाणार? म्हणून त्यांनी बाई शोधली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. विधवा, सत्तावीस वर्षांची. लोक काय म्हणतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, "म्हणतील, बाई कोर्टाचं काम करते. खोटं आहे का ते?"

पुढं आम्ही चौघं झालो. विणकरांच्या घरी तेलुगूत वाचायला व्यंकय्या, कन्नडसाठी दुधनीचे शिवलिंगप्पा, उर्दूसाठी मुन्शीजी, आणि बायकांसाठी मी. पाच वर्षांनी बापूसाहेबांनी या तिघांचं काम वाटून देणं, तपासणं माझ्याकडं सोपवलं. तीन बापे आणि वर एक बाई. शिवलिंगप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "बाई, हुकूम सोडा की. नुसतं बघत बसलाय, त्याचंच लई भ्या वाटतंय." आज ते समोर बसलेत. माझ्याकडं बघत नाहीत.

संध्याकाळी अशील गेले की बापूसाहेब मला कायदा शिकवत. आधी कलम वाचायचं, मग ते एखाद्या म्हातारीला सांगावं तसं सांगायचं. मी अडखळले की म्हणत, "म्हातारी उठून गेली, बाई. पुन्हा."

एकदा करकंबकडची एक मेंढरंवाली आली होती. मी तिला तासभर कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "लई ग्वाड वाचता की तुमी. पर घर माजंच ऱ्हातंय न्हवं?" मी हसत हसत ते बापूसाहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिनं विचारलं तेवढंच खरं कलम. बाकीचा कागद त्याच्यासाठी." तेव्हापासून आमच्या गहाणखतात पहिल्या पानावर नावं आणि चतुःसीमा, आणि दुसऱ्या पानाच्या वरच्या ओळीत, घर कुणाकडं राहणार ते.

असा माणूस होता. मी माझ्या वडिलांना इतकं मानलं नाही.

अध्यक्षमहाराज, आत्ता आपण म्हणालात, बापूसाहेबांच्या कचेरीतला एकही कागद कोर्टात कधी पडला नाही. खरं आहे. त्यातला एक माझ्यामुळं पडला नाही. ते मला सांगायचं आहे. वसंतराव, तुमचे वडील गेलेत, तुम्हाला हे ऐकवत नसेल. तरी मला बसवू नका. फार नाही.

आमीनाबी तुमच्यापैकी काहींना ठाऊक असतील. मालक वारलेले, गाड्यांचा धंदा. मुलाला टेंभुर्णीच्या रस्त्यावर मोटार चालवायची होती, म्हणून घर गहाण ठेवलं. कर्ज देणारी पेढी बापूसाहेबांची अशील. पडद्याच्या आत आमीनाबी, त्यांची सून आणि मी. मी त्यांच्या बोलीत समजावत होते. त्या मध्येच थांबवत. "ठैरो बाई. ये सबब-सबब काए कू बोलते?" आणि शेवटी तोच प्रश्न. "घर मेराच रहता ना?" मसुदा मीच लिहून काढला होता, दुसऱ्या पानाच्या वर तेच लिहिलेलं होतं. पैसे फिटेपर्यंत घर त्यांच्याच ताब्यात, आणि सोडवून घ्यायला दहा वर्षं. मी म्हटलं, "तुम्हाराच रहता." त्यांनी शेवटच्या पानावर अंगठा दिला. त्याखाली मी लिहिलं, 'वाचून दाखविले', आणि सही केली.

रजिस्ट्रारचा कारकून चार दिवसांनी त्यांच्या घरी आला. मजकूर समजला का, असं त्यानं पडद्याबाहेरून विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई पढ को सुनाए ना. बस."

दोन वर्षांनी पेढीनं दावा लावला. कागद मुदतखरेदीचा आहे, दोन वर्षांत पैसे फिटले नाहीत तर घर विकलं असं धरायचं, मुदत टळली, घर आमचं. आमीनाबी म्हणाल्या, असं काही मला वाचून दाखवलंच नव्हतं. मला साक्षीला बोलावलं. बापूसाहेब वाटेत म्हणाले, "बाई, म्हातारी माणसं विसरतात. दोन प्रश्न आहेत, भिऊ नका." पिंजऱ्यात माझ्या हातात कागद दिला, शेवटचं पान वर करून. ही सही तुमची? होय. तुम्ही वाचून दाखवलंत? होय.

मी पान उलटलं नाही.

जन्मभर दुसऱ्यांना कागद वाचून दाखवणारी मी. त्या दिवशी हातातला कागद मी वाचला नाही. का वाचावा? तो बापूसाहेबांनी दिलेला होता.

घर गेलं. महिन्याभरानं त्यांची सून माझ्या दारात आली. हातात कागदाची नक्कल. बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "बाई, अब पढो." मी उंबऱ्यातच वाचू लागले. दुसऱ्या पानाची वरची ओळ मी दोनदा वाचली. पान बदललेलं होतं. अंगठा शेवटच्या पानावर, माझी सही शेवटच्या पानावर. मधलं पान कुणीही घालावं. तिनं नक्कल माझ्या हातातून काढून घेतली आणि गेली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी बापूसाहेबांना विचारलं. ते नाकबूल झाले नाहीत. म्हणाले, "पेढीनं आयत्या वेळी अट घातली. पेढी गेली असती तर तुम्ही चौघं कुठं गेला असता?" मी म्हटलं, माझं नाव का घातलंत? ते माझ्याकडं मायेनं बघत म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं नाव कोर्टानं मानलं नसतं, बाई."

मंडळी, चौदा वर्षांत त्यांनी माझी एवढी मोठी स्तुती कधी केली नव्हती.

तुम्ही विचाराल, मग तेव्हाच का नाही बोललात? विचारा. त्यानंतर दीड वर्ष मी त्याच खुर्चीवर बसले. प्रत्येक पानावर अंगठा घ्यायचा, असा नियम मी केला. बापूसाहेबांनी कारण विचारलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज ते स्वतः काहीतरी करतील. दुखण्यात त्यांच्या उशाशी बसले तेव्हाही वाटत होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "कचेरी सांभाळा." मी हो म्हटलं. तेही मी न वाचताच म्हटलं.

आमीनाबी आज भाड्याच्या एका खोलीत राहतात. मी चारदा गेले. दार उघडलं नाही.

आता अध्यक्षमहाराज आपल्याला स्तब्ध उभं राहायला सांगतील. मीही उभी राहीन. त्यांनी मला उभं केलं, हे मी कशी विसरू? त्याआधी एकच मागणं आहे, आणि ते वसंतरावांकडं आहे.

वसंतराव, कचेरी आता तुमची. तुमच्या वडिलांच्या कचेरीत मसुदा कधी फाडत नसत. आमीनाबींच्या गहाणखताचा मसुदा माझ्या अक्षरात, दुसऱ्या पानासकट, कपाटात आहे. तो मला द्या. मी कोर्टात जाऊन माझी साक्ष चुकीची होती असं सांगणार आहे. नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? अपिलाची मुदत टळली असेल, मला कैद होईल, घर मिळणारही नाही. ते मला माहीत आहे. पण त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या, एवढं कुठंतरी लिहिलं जाऊ दे.

तुम्ही देणार नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही बापाच्या तेराव्याआधी दिला नसता, आणि नंतरही दिला नसता. उद्या अकरा वाजता मी कचेरीत येईन. या सगळ्यांसमोर मागते आहे. द्या.