हिरव्या मखमलीचा डावा भाग

ताई : मला तर दोन्ही तुकडे सारखेच दिसतायत, मास्तर.

मास्तर : डोळ्यांनी नका बघू, हात फिरवा. हा कोटाचा उजवा भाग. वरून खाली फिरवा. कसा लागतोय?

ताई : मऊ.

मास्तर : आता हा डावा. तसाच, वरून खाली.

ताई : अगं बाई! हा खरखरतोय.

मास्तर : मखमलीला लव असते. उजव्याची खाली झुकलीय, डाव्याची वर. उद्या हा कोट घालून त्या गाणाऱ्या बाई स्टेजवर उभ्या राहिल्या, दिवे पडले, की एक बाजू हिरवी दिसेल नि दुसरी काळपट. लोकांना वाटेल, दोन कोट फाडून एक शिवलाय.

ताई : आणि हा तागा तर संपला!

मास्तर : संपला. कपाट उघडून दोनदा बघितलं मी.

ताई : एकतीस वर्षांत तुमच्या हातून असं झालेलं नाही. बाबा म्हणायचे, मास्तर झोपेत कापतील तरी बरोबरच कापतील.

मास्तर : झोपेत कापलं असतं तर बरं झालं असतं.

ताई : झालं काय ते सरळ सांगा. शिवणाऱ्या मावशी मशीनवरून बघत होत्या. म्हणाल्या, मास्तरांच्या एका हातात कात्री न् दुसऱ्या हातात मोबाईल.

मास्तर : मावशी खोटं बोलायच्या नाहीत. पण कात्री टेबलावर होती. मी एका वेळी एकच धरतो.

ताई : विनोद सुचतोय तुम्हाला?

मास्तर : नाही हो. कागदाचा फर्मा मखमलीवर नीट ठेवलेला होता. खडूने आखायचं तेवढं राहिलं होतं. फोन उचलला, कोपर लागलं, फर्मा खाली पडला. उचलून ठेवला तो उलटा ठेवला. डोकं खाली, पाय वर. आखलं न् कापलं.

ताई : हं. कामं मागे पडतायत म्हणून मी विचार करतच होते, आता पक्कं ठरवलं. उद्यापासून तुम्ही काउंटरवर बसा. मापं घ्या, गिऱ्हाईक सांभाळा. कापायला नवा कटर येतोय.

मास्तर : उद्यापासून?

ताई : वाईट वाटून घेऊ नका.

मास्तर : वाईट तर वाटणारच. टेबलाची ही कड बघा, माझं पोट टेकून टेकून गुळगुळीत झालीय. असो. दुकान तुमचं.

ताई : एवढं फक्त सांगा, बघत काय होतात? व्हिडिओ?

मास्तर : काहीच नाही.

ताई : काहीच नाही कसं? द्या फोन इकडे.

मास्तर : राहू द्या ना.

ताई : द्या म्हणते ना!

(मास्तर फोन देतात. ताई वाचू लागते. तिचं बोट बराच वेळ सरकत राहतं.)

ताई : हे सगळे मेसेज माझेच आहेत.

मास्तर : हो.

ताई : आज सकाळपासूनचे? किती आहेत हे?

मास्तर : अडतीस.

ताई : ‘कोट कुठवर आला?’ ‘फोटो पाठवा.’ ‘फोटो नीट नाही, परत पाठवा.’ ‘कामात लक्ष टिकवण्याचे अकरा उपाय, सर्वांनी वाचावे.’ अहो, हे कापता कापता कशाला वाचायचं? नंतर वाचायचं!

मास्तर : मेसेजवर पाच मिनिटांत अंगठ्याची खूण आली नाही की तुम्ही जिना उतरून खाली येता, ताई. परवा मावशींचा अंगठा राहिला तर ग्रुपवर त्यांच्यापुढे लाल ठिपका टाकलात. बिचारी दिवसभर फोनकडे टक लावून बसली होती. मशीनला हात नाही.

ताई : ते दुकानदारांच्या शिबिरात शिकवलं होतं आम्हाला. माणसांचं लक्ष राहावं म्हणून.

मास्तर : राहिलं की. फोनवर राहिलं.

ताई : मग बोलायचं होतंत! तुम्ही मला कडेवर घेतलंय लहानपणी, तुम्हाला कसली भीड?

मास्तर : हौसेनं करत होतात. आणि हा मोबाईल कानामागून आला नि तिखट झाला. त्याच्याविरुद्ध बोललो असतो तर म्हणाला असतात, मास्तर म्हातारे झाले.

ताई : म्हणाले असते, खरंय. चुकलं हो माझं. लाज वाटते मला. तो ग्रुप आत्ताच्या आत्ता बंद. अंगठा बंद, ठिपके बंद. काउंटरचं विसरा, टेबल तुमचंच. नव्या कटरला येऊ नका म्हणून कळवते.

मास्तर : थांबा. कळवू नका.

ताई : रागावलात ना?

मास्तर : छे. डाव्या भागाला चिठ्ठी टाचलीय बघा. कापल्याची वेळ लिहायचा नियम तुमचाच. किती वाजलेत तिथे?

ताई : अकरा बेचाळीस.

मास्तर : आता फोनमध्ये बघा. त्या सुमाराला तुमचा कुठला मेसेज आहे?

ताई : अकरा दहाचा आहे. त्यानंतर… त्यानंतर मी दाढ दाखवायला गेले होते, फोन पर्समध्ये होता. पुढचा एकदम साडेबाराचा.

मास्तर : बघा.

ताई : मग घरून आला असेल कुणाचा.

मास्तर : कुणाचाच नाही.

ताई : मग फोन उचललात कशाला?

मास्तर : वाजला नाही म्हणून.

ताई : म्हणजे?

मास्तर : अर्धा तास झाला, वाजला कसा नाही, म्हणून. चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी फर्मा पडला. रविवारी घरी नातीचा फ्रॉक कापायला घेतला होता. रविवारी तुम्ही काही पाठवत नाही. तरी माझं आपलं चाललेलं, कात्री खाली, फोन वर, फोन खाली, कात्री वर. पोरगी म्हणाली, आजोबा, कुणाची वाट बघताय? मला भीती वाटली, ताई. चांगलीच वाटली.

ताई : ही सवय मीच लावली तुम्हाला.

मास्तर : तुम्ही लावलीत, मी लागू दिली. अडतीस मेसेज तुमच्या पदरात. कापड माझ्या.

ताई : मग आता करायचं काय?

मास्तर : कोटाची पाठ अजून कापलेली नाही, तेवढं कापड आहे. कोट गुडघ्यापर्यंत न करता कमरेपर्यंत केला, तर पाठीच्या कापडातून नवा डावा भाग निघतो. मघाशी त्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. रागावल्या, मग आखूड चालेल म्हणाल्या. नव्या कटरला उद्या नको, आजच बोलवा.

ताई : तुमची मखमल त्याच्या हातात द्यायची?

मास्तर : जिवावर येतंय. पण तो येणार हे कानावर आलं होतं, तेव्हाच मी चौकशी केली, चांगला कापतो. आणि आता चुकायला कापड उरलेलं नाही.

ताई : आणि तुम्ही?

मास्तर : काउंटरवर. फोन घरी ठेवून येत जाईन. दुपारी दुकानात शुकशुकाट असतो, तेव्हा चिंध्यांवर हात चालवीन. तासभर मान वर न करता कापता आलं की टेबल परत मागेन.

ताई : आणि नाही आलं तर?

मास्तर : तर तेही वर येऊन सांगेन. तोंडाने.