बाटलीतला खिळा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय लालासाहेब, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या वनस्पतिशास्त्राच्या विजयमालाबाई, पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या त्यांच्या सासूबाई अंबूबाई, सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो!

पदार्थविज्ञानाच्या माणसाला बोलायला उभं केलंत, आता भोगा. अध्यक्षसाहेब, घड्याळ बघू नका, आटोपतंच घेतो.

बाई पीएच.डी. होऊन साताऱ्याला विभागप्रमुख म्हणून चालल्या आहेत. पण त्यांनी केलं काय, हे आपल्या आष्ट्यात किती जणांना ठाऊक आहे? बाजारात लोक मला विचारतात, "सर, त्या शेवाळाचं काय झालं वो?" तर ऐका. शेवाळाला उजेड आणि पाणी तर लागतंच, पण लोखंड, जस्त, मँगनीज असे धातूही लागतात, अगदी कणभर. लोखंड नसलं की ते पिवळं पडतं, वाढ खुंटते. कुठल्या धातूवाचून ती किती खुंटते, हे बाईंना मोजायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून शेवाळाच्या बाटल्या बाईंच्या घरी खिडकीत मांडलेल्या. काहींत लोखंड नाही, काहींत जस्त नाही. सुट्टी संपताच विद्यापीठातून मार्गदर्शक काम तपासायला येणार होते. आदल्या दिवशी बाई बघतात तो काय! लोखंड नसलेल्या चार बाटल्यांपैकी तीन पिवळ्या आणि चौथी हिरवीगार! आता त्या बाटलीत लोखंड आलं कुठून? वापरलेलं पाणीच अशुद्ध निघालं, तर सगळी मेहनत मातीमोल. बाईंनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो तर रडून डोळे सुजलेले. मी ती बाटली उचलून हलवली, आणि तळाच्या हिरव्या गाळात काहीतरी खण्णकन वाजलं. गंजका खिळा!

दारातून आवाज आला, "म्या टाकलाय त्यो."

अंबूबाई! आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, ठाऊक आहे ना? तसंच हे.

"सूनबाई दिसभर त्यास्नी जपतीया," त्या म्हणाल्या, "अन् लेकरं पिवळीच पडत्यात. येनारं-जानारं सगळं खिडकीतनं बघतंय. दृष्ट लागली म्हनलं!"

"मग एकाच बाटलीत का टाकला?" मी विचारलं.

"आवं, खिळा एकच घावला."

बाई कपाळाला हात लावून बसल्या, आणि मग ज्या हसत सुटल्या त्या थांबेनात. मला वाटलं, आता ही बाटली गुपचूप ओतून देतील. कुणाला कळणार होतं? पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खिळ्यासकट मार्गदर्शकांपुढे ठेवली आणि घडलं ते सांगितलं. ते गंभीर गृहस्थ अंबूबाईंना म्हणाले, "आजी, बाकीच्या तिघींना आता आम्ही मोजून लोखंड घालू." घातलं, आणि त्याही हिरव्या झाल्या! जस्तावाचून खुरटलेल्या बाटल्यांना मात्र लोखंड घालून काडीचा फरक पडला नाही. बाईंच्या प्रबंधात सगळ्यात जास्त वाखाणलं गेलेलं प्रकरण ते हेच.

सून शेवाळ पाळते म्हणून गल्ली फिदीफिदी हसायची, तेव्हा या सासूनं एकदाही "सोड हे" म्हटलं नाही. मला तर या दोघींचा हेवा वाटतो, सरळच सांगतो. आणि बाई, तुमच्यावाचून आमची स्टाफरूम पिवळी पडणार आहे. तिथे दुसरं काही घालून भागायचं नाही.

अंबूबाई काही साताऱ्याला जायच्या नाहीत. दारची म्हैस कुणावर सोडणार? मघाशी दारातच त्यांनी मला गाठलं आणि हातात एक पुडी कोंबली. "सर, नवी जागा हाय, डोळं लय असत्यात. म्या दिली तर रडू यील, तुमीच द्या."

मंडळी, इतका वेळ मला सहन केलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. आणि बाई, ही पुडीही पदरात घ्या. तोच खिळा आहे.