हिवरवाडीच्या खाणीत वर्ग झालेली घाण

मंडळी, एक सांगा — आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटला, तर तो गेला का हो? माना डोलवू नका, तोंडानं बोला! नाही ना गेला? मग ऐका भागवत तांदळ्याची गोष्ट. आणि आधी बघू, त्याला यात काय मिळणार होतं. फायदा दिसल्याशिवाय तुम्ही तरी इथं पुढच्या रांगेत बसला असता का? — हसताय! प्रसादाचं पातेलं पुढं आहे, ते मला दिसतंय!

भागवत तहसील कचेरीत कारकून. त्याची बदली ठरलेली, पार जिल्ह्याच्या टोकाला. आणि जवळच्या हिवरवाडीत त्याचे आबा एकटे. म्हातारा घर सोडेना, म्हैस विकेना. भागवत दर रविवारी सायकलनं जायचा, आबांची दाढी करायचा, दोघं मिळून जेवायचे. बदली टळली तर म्हातारा जवळ राहणार. बस्स, एवढाच त्याचा लोभ!

अशात वरून हुकूम आला — सगळ्या सरकारी कचेऱ्यांनी मिळून कचरा नि धूर कमी करा. मिळून! अहो, एरवी भिंतीला भिंत असून या कचेऱ्या एकमेकींशी पोस्टानं बोलतात! पण बसली समिती. तहसील, नगरपरिषद, सरकारी दवाखाना, शाळा. तहसीलदार साहेब म्हणाले, "तांदळे, पाहणीला आवारं लख्ख दिसली पाहिजेत. तुमची बदली मी थांबवतो."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आमच्या बाटल्या, सुया, पट्ट्या जाळू कुठं? आता धूरही मोजणार म्हणे."

भागवत पटकन म्हणाला, "वर्ग करू, मॅडम!"

कचेरीत ‘वर्ग करणं’ म्हणजे इकडचं तिकडं सरकवणं. फाइल वर्ग होते, माणूस वर्ग होतो. तसाच दवाखान्याचा कचरा नगरपरिषदेकडे वर्ग — दवाखाना स्वच्छ! शाळेचाही तिकडंच — शाळा स्वच्छ! आणि नगरपरिषदेचा सगळा ‘पडीक जागेत’ वर्ग. कागदावर घाण उरलीच नाही. स्वर्गच की हो! वर्गाला अर्धा ‘स’ तेवढा लावायचा राहिला!

पण पडीक जागा कुठली? कुणी विचारलं नाही. भागवतनंही नाही. कचेरी जिला पडीक म्हणत होती, ती हिवरवाडीच्या टेकडीवरची दगडाची जुनी खाण. पावसाचं पाणी तिथं साठतं, झिरपत झिरपत खाली गावच्या आडात उतरतं. त्याच खाणीत भागवत पोहायला शिकला होता, मंडळी! पण ‘पडीक’ या शब्दात त्याला ती ओळखू आली नाही.

समितीच्या धावपळीत त्याचे रविवार चुकत गेले. पावसाळा सरताना गेला, तर आबा खाटेवर. हगवण, ओकाऱ्या, डोळे खोल गेलेले. शेजारची गयाबाई म्हणाली, "अर्धं गाव असंच पडलंय, भागवता. काल राधीची लेक गेली."

"आबा, मला कळवायचं तरी!"

"तू सरकारच्या कामात. म्हणलं, पोरगं मोठं काम करतंय, कशाला खोळंबा? बस. पाणी पी."

भागवतनं तांब्या तोंडाशी नेला — आणि दवाखान्याचा वास!

"आबा... हे पाणी..."

"खाणीत ट्रॅक्टर रिकामे होतात रे. तालुक्याची घाण. कुण्या शहाण्यानं धाडली, देव जाणे. त्याला म्हणावं, तुझा बाप हिथं राहत न्हाई वाटतं?"

मृदंगबुवा, हात थांबवा. इथं वाजवायचं नाही.

भागवतनं आबांना उचललं, दवाखान्यात घातलं. खाली फरशी आरशासारखी! तिथून धावत तो कचेरीत. "साहेब, ट्रॅक्टर थांबवा. खाण उपसा. माणसं मरताहेत!"

"अहो, पाहणी तोंडावर आलीय, तांदळे! आणि तो हिवरवाडीचा विषय ना? ग्रामपंचायतीकडे वर्ग करा." — ज्या ग्रामपंचायतीला समितीत खुर्चीसुद्धा नव्हती, तिच्याकडे! — "आणि हो, अभिनंदन. तुमची बदली रद्द."

भागवत दवाखान्यात आबांच्या खाटेशी परतला. "आबा, बदली टळली."

"मग आता रोज येशील?"

"रोज येईन."

म्हातारा हसला. डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

चितेपाशी गाव जमलं होतं. कुणी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत होतं, कुणी नगरपरिषदेला. भागवत म्हणाला, "त्यांना नका बोलू. वर्ग करा म्हणणारा मी." राधी पुढं आली. तिनं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "माझ्या लेकीचं नाव तरी ठाऊक होतं का तुला, दादा?"

त्याला ठाऊक नव्हतं.

आता तुमच्याकडे येतो. मघाशी चहा झाला ना? पेले कुठं टाकले? मांडवामागं? अहो, तुमच्या मागं म्हणजे कुणाच्या तरी पुढंच ना! समित्या करा, जरूर करा. कचेऱ्या एकत्र बसतात हे चांगलंच आहे. पण ज्याच्या उशाला घाण जाणार, त्याला आधी बोलवा, चांगल्या खुर्चीवर बसवा, आणि त्याचं नाव विचारा.

बाकी या घाणीची किंमत कुणी काय भरली, तो हिशेब तुम्हीच मांडा. साहेबांनी काही नाही. दवाखान्यानं काही नाही. नगरपरिषदेला नि शाळेला तर सत्काराची ढाल मिळाली. भागवतनं बाप भरला. आणि कुठल्याच कागदाला जिचा हात लागला नव्हता, त्या राधीनं भरली लेक.