लाह्यातली फवारणी

(खांडबाऱ्याजवळचं गाव. इथे लाह्याला, म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या वावरात काम करायला, घरटी एक माणूस येतो. भाताच्या बांधावर सीमा आणि तिचे सासरे आमशा.)

सीमा : मामा, मी लाहा निंदणीसाठी बोलावला होता. फवारणीसाठी नाही.

आमशा : निंदनी दुपारलेच झाई. आठ जन लाह्याले उनात. मंग रूपसिंग पंप लई उना, समदं वावर फवारी दिनं. दवाई बी त्यानीच.

सीमा : त्यांना सांगितलं कुणी?

आमशा : कोनी नै. निंदता निंदता पानना खाले कागद दिखनात, त्यावर काया काया अंडा. म्हने, आमशा, तुन्हा भातले कीड लागनी.

सीमा : ते कागद मी टाचले होते. काल सकाळी.

आमशा : तू?

सीमा : अंडी काळी पडली म्हणजे आत आपली बारीक माशी तयार झाली. ती खोडकिडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, मग अळी निघतच नाही. आज-उद्या बाहेर पडणार होत्या.

आमशा : आते काही वाचतीन?

सीमा : त्या दवाईत? नाही. गटातल्या शांतीबाईनं आणि मी तीन आठवडे डब्यांत पतंग पाळले, त्यांची अंडी या कागदांवर चिकटवून त्यांत ही माशी वाढवली. परवा गटाच्या बाया बघायला येतायत, फवारणीशिवायचं भात. त्यांना काय दाखवू?

आमशा : माले काबर नै सांगं तू?

सीमा : तुम्ही हसला असता. सून वावरात किडे सोडते म्हणून.

आमशा : हसतू. खोटं काबर बोलू.

सीमा : मला रडू येतंय, मामा. राग कुणावर काढू तेही कळत नाही.

आमशा : रूपसिंगले काही बोलू नको. भलं करानं म्हनीसनच करं त्यानी. समदा ओसरीवर बसेल शेतस, जेवानी वाट देखी ऱ्हायनात.

सीमा : नाही बोलत. उडदाची डाळ झालीय. आधी साबण लावून हात धुवायला सांगा त्यांना. रूपसिंगकाकांना तर आंघोळच करू द्या.

आमशा : सांगस. आन सोमवारले त्याना घरना लाहा शे. आपला घरनं एक मानूस जानं पडी. त्या आपलाकडे उनात, आपलेबी जानंच शे.

सीमा : निंदणीचा?

आमशा : फवारनीना.

सीमा : हे सुरतला. तुमची कंबर धरलेली.

आमशा : हाव.

सीमा : भरलेला पंप पाठीवर किती जड लागतो, मामा?