खिडक्या बुजवलेलं विमान

विमानांचं वेड म्हणाल तर आमच्या कळव्याच्या सुन्याला होतं, बाकी सगळे हौशी. नव्वदच्या आसपास एका रविवारी त्याने मला आणि त्याच्या वडिलांना, अण्णांना, गच्चीवर चढवलं. अण्णा नुकतेच रिटायर झालेले. सुन्याने त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण लावली.

"ते बघा, माल नेणाऱ्या कंपनीचं! यांच्याकडे नवं विमान एक नाही. दुसऱ्यांनी मोडीत काढलेली प्रवासी विमानं घेतात, सीटा उपटतात, खिडक्या बुजवतात आणि माल भरतात. म्हणून तर मजा! असली जुनी विमानं आता बघायला मिळतात कुठे?"

"खिडक्या कशाला बुजवायच्या रे?"

"अहो अण्णा, सामानाला काय बाहेर बघायचंय?"

विमान सहार विमानतळाच्या बाजूला दिसेनासं झालं, तरी अण्णांची दुर्बीण डोळ्यांवरच. मग शांतपणे म्हणाले, "तुझ्या लग्नातलं ते लोखंडी कपाट माझ्या खाटेजवळच्या खिडकीपुढे लावलंयस ना, ते तेवढं हलव. मी अजून बघतो बाहेर."

सुन्या माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "बघतोस काय? चल खाली, एका बाजूने मी धरतो."