दगडाबाईच्या भिंतीवरचा पाला

दि. १५/११/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, सत्यम कडुबा सोनवणे, वय २४ वर्षे, शिक्षण बारावी नापास, धंदा टेम्पोचालक, मूळ रा. ता. फुलंब्री, ह. मु. पालवी गार्डन सर्व्हिसचं यार्ड, पाडेगाव, छत्रपती संभाजीनगर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी सात महिन्यांपासून आहे. त्याआधी वाळूजला एका कंपनीत, मग सुरतला ट्रकवर क्लीनर, मधी दोन महिने गोव्याला होतो. गोव्याचं इथं काम नाही असं साहेबांनी सांगितल्यावरून ते सोडतो.

आमचं काम असं की बंगल्यांमधला छाटलेला पाला, गवत, फांद्या आणायच्या, मशीनवर कातरायच्या आणि खत करून त्याच बंगल्यांना परत द्यायचं. यार्ड गयासचाचा सांभाळतात. यार्डाच्या भिंतीला लागून दगडाबाई राहतात, त्यांना मी मावशी म्हणतो. त्यांच्या तीन शेळ्या होत्या. सुबाभूळ, जास्वंद असा खाण्याजोगा पाला चाचा पांढऱ्या सुतळीनं बांधून भिंतीवर ठेवायचे. मावशी तो न्यायची आणि रोज सकाळी त्याच भिंतीवर लेंडीची पाटी ठेवायची. लेंडीनं ढीग लवकर तापतो. कण्हेरीसारखा विषारी पाला लाल सुतळीत बांधून वेगळ्या खड्ड्यात टाकायचा, असा मालकीण तनुजा मॅडमचा नियम आहे. मावशीला डोळ्यानं कमी दिसतं. भिंतीवर आहे म्हणजे गयासभाईनं बघितलेलं आहे, असं ती म्हणायची.

दोघांचं एरवी चांगलं होतं. मावशी म्हणायची, "गयासभाई, तुमची बंगल्यातली जास्वंद खाऊन माझ्या शेळ्या मॅडम झाल्यात. कडब्याला तोंड लावंनात." चाचा म्हणायचे, "हौ मावशी, लेंडी बी वैसीच देतीं. लई पावर है." मात्र मंगळवारी शेळ्या यार्डात घुसल्या आणि दोन वाफे रोपं खाल्ली. तेव्हा चाचा मावशीचा मुलगा राजकुमार यास म्हणाले, "बांध के रख इनको. नई तो मेरे हाथ से कुछ हो जाता." राजकुमार म्हणाला, "हात लावून तर बघ, म्हाताऱ्या." हे मी ऐकलं आहे. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी ऐकलं आहे.

काल शुक्रवार दि. १४ रोजी सकाळी ८.३० वाजता मी उस्मानपुऱ्यातल्या बंगल्यावर टेम्पो भरला. तिथं कण्हेरीचं कुंपण छाटलेलं होतं. लाल सुतळी संपली म्हणून चाचांना फोन केला. ते म्हणाले, शहागंजहून घेऊन ये, पहले वो ला, बाद में घूम. ९.४५ च्या सुमारास शहागंजला गेलो. तिथं थोडा वेळ गेला. नंतर पाडेगावला आलो.

थोडा वेळ म्हणजे किती, असं विचारल्यावरून सांगतो की, यार्डात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. शहागंजला फुटपाथवर एक माणूस मिल्ट्रीच्या जुन्या पाठीवरच्या बॅगा विकत होता. तो लेहला राहून आलेला होता. तिथली माहिती विचारत बसलो. एक बॅग घेतली. टेम्पो उन्हातच उभा होता.

यार्डात कोणी नव्हतं. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. मी माल उतरवला आणि शेडमध्ये जाऊन बॅग भरून बघितली. किती सामान बसतं एवढंच बघायचं होतं.

साडेचारच्या सुमारास मावशीचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर शेळ्या थरथरत होत्या, तोंडाला फेस होता. राजकुमार तेव्हाच ड्युटीवरून आला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी कण्हेर खाल्ल्याचं सांगितलं. सहा वाजेपर्यंत तिन्ही मेल्या. त्यातली एक गाभण होती. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. शेजारच्या बाईला सांगत होती, "आज मेली गाठच सुटंना बाई. शेवटी विळ्यानं कापली." मी तेव्हा तिकडं लक्ष दिलं नाही.

माझं लक्ष चाचांकडं होतं. ते गोठ्यात वाकले, गव्हाणीजवळून काहीतरी उचललं, निरखून पाहिलं आणि खिशात घातलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. मला संशय आला. मंगळवारचं भांडण डोक्यात होतंच. शिवाय जाणता माणूस, त्याला कण्हेर कळत नाही का, असं वाटलं. मी ते राजकुमारला सांगितलं. त्यानं ११२ ला फोन केला. पोलिसांनी चाचांचा खिसा तपासला तेव्हा पांढऱ्या सुतळीचा तुकडा निघाला. का लपवला, असं विचारल्यावर चाचा "मेरेको कुछ नई मालूम" एवढंच म्हणाले. ते कालपासून इथं ठाण्यात आहेत. गल्लीत लोक आता भलतंसलतं बोलत आहेत. सात महिने मला जेवणाचा डबा त्यांच्या घरून येतो. आज आला नाही.

जप्त सुतळी आता मला टेबलावर दाखवण्यात आली. ओळखतो का, असं विचारल्यावरून सांगतो की, ओळखतो.

मावशीच्या बोटांना सांधेवात आहे. म्हणून चाचा सुरगाठ मारतात, एक टोक ओढलं की सुटते. ही गाठ तशी नाही. ही ट्रकवर ताडपत्री आवळायची गाठ आहे, ओढली की अजून बसते. सुतळी विळ्यानं कापलेली आहे, गाठ तशीच आहे. यार्डात ही गाठ मी एकटाच मारतो. सुरतला शिकलो.

लाल सुतळी मी आणलीच नाही. बॅग बघण्यात विसरलो. कण्हेरीचे दोन भारे सकाळी पांढऱ्या सुतळीनं बांधले होते, शहागंजला बदलू म्हणून. यार्डात उतरवताना पांढरं ते भिंतीवर, या सवयीनं तेही भिंतीवर ठेवले. पाहिलं नाही. चाचांनी मला पूर्वी सांगितलेलं होतं की हिरवी कण्हेर कडू लागते, शेळी थुंकते. उन्हात मलूल झालेली मात्र खाते. माझा टेम्पो साडेतीन तास उन्हात होता.

चाचांनी गाठ गोठ्यातच ओळखली होती. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी त्यांचं घेतलं.

गयासचाचांचा यात काही संबंध नाही. त्यांना घरी जाऊ द्यावं. राजकुमारला हे मी स्वतः सांगतो, सोबत पोलीस असले तर बरं. मावशीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. आज सकाळी इकडं येताना भिंतीवर लेंडीची पाटी भरून ठेवलेली होती. मी ती उचलली नाही, तशीच आहे.

विचारल्याशिवाय शहर सोडू नये अशी मला समज दिली आहे. मी सोडणार नाही. बॅग शेडमध्ये आहे, पाहिजे तर ठाण्यात ठेवून घ्यावी.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी मी खाली बघत होतो म्हणून दुसऱ्यांदा वाचला. मी बोललो तसाच लिहिला आहे, खरा आहे. त्यातलं काही काढायचं नाही.

जबाब देणार,
(सही) सत्यम कडुबा सोनवणे