बयाबाईंनी जोडलेली बॅटरी

"हॅलो?… हां आत्या, बोला… मी दौंडातच हाय अजून, भंगाराच्या दुकानात… काय?… हळू बोला, हळू. लाईट कवा गेली?"

सुषमाच्या हातात जुन्या टीव्हीचा स्पीकर होता. तो तिनं तसाच ढिगावर टाकला. निमोण्याच्या वस्तीवर, घराच्या पडवीतच तिचं मिक्सर-मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून कामाचे भाग निवडायला ती अधूनमधून दौंडला चाचांच्या या दुकानात यायची. सासूला, म्हणजे बयाबाईंना ती आत्या म्हणे, सासऱ्यांना मामा. मामांचा, म्हणजे ज्ञानूबांचा श्वास गेलं वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनवर चालला होता आणि मशीन विजेवर. वीज गेली, तर सुषमानं एका कॉम्प्युटर क्लासच्या अडगळीतून आणून दुरुस्त केलेला यूपीएस ते मशीन थोडा वेळ चालू ठेवायचा. थोडाच वेळ.

"चाचा, वो रेडिओ बंद करो जरा… तुमाला न्हाई आत्या. यूपीएस वाजतोय का?… फोन त्याच्यापाशी न्या बरं."

टीं टीं टीं टीं. एकाला लागून दुसरी.

बॅटरी संपत आली की यूपीएस असा वाजायचा.

"आत्या, सिलिंडर?… व्हय की, तो भरायला नेलाय यांनी… कंपनीत फोन लॉकरमधी असतो वो त्यांचा, न्हाई लागायचा… एकशे आठला केला का फोन? शाब्बास. कुठं हाय गाडी?… शिरूरहून निघाली. बरं. आन् वस्तीवर कोण हाय?… कुणीच न्हाई? चांगुणा मावशी?… समदी कांद्याला गेली. बरं, बरं. रडू नका. आत्या, ऐका ना… आत्या! रडायचं मागनं. आता माझं ऐका."

ती ढिगाच्या कडेला मटकन बसली.

"फोन स्पीकरवर टाका आन् चोळीत खोचा. दोन्ही हात मोकळे पायजेत… आता दुकानात जा. टेबलाखाली मोठी काळी बॅटरी हाय, ट्रॅक्टरची… चार्जिंगला लावलेली, व्हय, तीच. भरलेली हाय. वायरी काढा तिच्या. उचलू नका! न्हाई उचलायची तुमाला. खाली पोतं सरकवा आन् पोतं वढा… उंबरा? उंबऱ्यावर फळी टाका."

फोनमधून पोत्याची खरखर येऊ लागली, मध्येच बयाबाईंचं कण्हणं. सुषमा स्वतःच ओढत असल्यासारखी दात-ओठ खात होती. दौंड ते निमोणे. पंख असते तरी पोचली नसती.

"आली? मामांजवळ? झ्याक… मामा कसं हायत?… पुढं वाकवून बसवा, उशी मांडीवर द्या. नळी नाकात हाय ना? असू द्या. आता ती चिमट्याची वायर घ्या. लाल-काळी, खिळ्याला टांगलेली… न्हाई? नीट बघा, दाराच्या मागं… आत्या? बोलत का न्हाई?"

पलीकडून आलेलं ऐकून सुषमानं डोळे मिटले.

"भंगारवाल्याला दिली? एका वाडग्याच्या बदल्यात?"

ती वायर यूपीएसला मोठी बॅटरी जोडण्यासाठीच तिनं स्वतः बनवली होती. तोंडाशी आलेला शब्द तिनं गिळला. आता एक वाकडा शब्द, आणि आत्यांचे हात थांबले असते.

"जाऊ द्या. व्हय, जाऊ द्या म्हणते ना… मला सुचू द्या जरा."

समोर चाचांनी तोडून ठेवलेल्या मोटरी पडल्या होत्या. त्यातल्या एकीला चपटी केबल तशीच लोंबत होती. सुषमा ताडकन उठली.

"आत्या, गोठ्यात विहिरीच्या मोटरीची जुनी केबल हाय! शेरडं बांधता ती, व्हय, तीच! शेरडू सोडा, केबल आणा. आन् विळा. पक्कड दुकानातनं… पळा."

तेवढ्यात फोनमधली टींटीं थांबली. एक लांब सूर निघाला आणि तोही मिटला. मशीनची घरघर गेली. मागं राहिला तो ज्ञानूबांचा श्वास, ओल्या लाकडावर करवत चालावी तसा.

"माघारी येऊ नका! आत्या, मामांकडं येऊन काय बी होणार न्हाई, केबल आणा!… मामा! मामा, ऐकू येतंय का? मी सुषमा. तोंडानं फुंकर घालत श्वास सोडा. चहावर घालता तशी. हळू… हळू सोडा."

ऐकू जात होतं की नाही, देव जाणे. फोन तर बयाबाईंच्या चोळीत, गोठ्याकडे निघालेला. तरी ती बोलतच राहिली.

"आणली? हातभर कापा दोन तुकडे. टोकाचं रबर विळ्यानं सोला, आतल्या तारा उघड्या पडू द्या… बोट कापलं? लई?… चालू द्या मग. एका तुकड्यातली लाल तार घ्यायची, दुसऱ्यातली निळी. बाकी वाकवून मागं. आता यूपीएसचं झाकण सरकवा. आत धाकटी बॅटरी हाय, तिच्या दोन वायरी उपसा. लाल वायरीच्या टोकाला लाल तार पिळा. काळीला निळी. पक्कडीनं घट्ट. पिळल्यावर एकमेकींना लागू द्यायच्या न्हाईत, मधी लाकूड ठेवा… लाटणं चालंल, चालंल."

चाचांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं मान हलवली.

"आता मोठी बॅटरी. वर दोन खुंट हायत. एकाला मी नेलपॉलिश लावलंय. लाल… दिसत न्हाई? डोळे पुसा. बोटानं चाचपडा, जाड खुंट कुठला ते बघा. जाड तो लालचा… नक्की? आत्या, उलटं झालं तर यूपीएस जळंल. परत एकदा चाचपडा… बरं. लाल गुंडाळा. पिळा. आता निळी दुसऱ्याला."

फट्!

आवाज फोनमधून स्पष्ट आला. त्यामागून काहीतरी पडल्याचा.

"आत्या?… आत्या! हॅलो?… बयाबाई!"

सासूचं नाव तिनं आजवर कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

"…हां. हां, बोला. ठिणगी? ती पडतीच, पहिल्यांदा जोडताना पडतीच, मीच सांगायचं इसरले. काय न्हाई झालं. भ्यायचं न्हाई. परत लावा. डोळे मिटून लावा वाटलं तर… लावली? घट्ट? आता यूपीएसचं बटण दाबा, दाबूनच धरा… सोडू नका… अजून…"

टक्. मग मशीनचा लांब, कर्कश सूर, आणि त्याखाली जड घरघर. सुषमाला रडू फुटलं. ते तिनं ओढणीत दाबलं.

"नळी बघा. मामांच्या नाकात हाय ना?… नखं कशी हायत?… निळी. व्हतील, व्हतील लाल, येळ द्या. त्यांचा हात धरा."

थोडा वेळ नुसती घरघर चालली. मग आत्यांच्या बोलण्यानं ती पुन्हा ताठ झाली.

"वास? कसला, रबराचा? तार तापली असंल, तिला हात लावू नका. यूपीएस तापलाय का?… तो धाकटा हाय वो, एवढा येळ चालायसाठी न्हाई केलेला. त्याला वारा घाला. सूप घ्या, सूप. आत हात न्हाई घालायचा, लांबूनच. थांबायचं न्हाई… मामा काय म्हणतायत?… बोलले?… पाणी मागतायत! घोटभरच द्या. एका हातानं वारा घाला, एका हातानं पाणी."

सुपाची सपसप फोनमध्ये सुरू झाली. कितीतरी वेळ तेवढीच. सुषमा त्या आवाजाबरोबर मान हलवत राहिली. मग कुत्रं भुंकलं, गाडीचा भोंगा जवळ आला, पुरुषांचे आवाज आले.

"कोण?… हां साहेब, मी सून त्यांची. त्यांना दम्याचा जुना त्रास हाय, वर्ष झालं ऑक्सिजन लागतो… तुमचा सिलिंडर लावला? बोटाच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा किती हाय?… ब्याऐंशी… आता पंच्याऐंशी? म्हंजी चढतोय ना? खरं सांगा, साहेब… व्हय, तो यूपीएस मीच बसवलाय. मोठी बॅटरी जोडली मात्र सासूबाईंनी. आज, आत्ता… न्हाई, फोनवरनं… शिरूरलाच नेताय ना? मी येते, थेट तिकडंच येते."

ती पिशवी उचलून रस्त्याकडे धावत सुटली. धावतानाही कानाशी सपसप येतच होती.

"आत्या? काय चाललंय?… मामांना गाडीत ठेवलं ना? मग वारा कुणाला घालताय!… अवो, बंद करा ते, आता मशीनला कोण न्हाई. बटण दाबा आन् निघा… भंगारवाल्याचं काढू नका आता, जा! कुलूप राहू द्या, शेरडू राहू द्या… मामांचा हात सोडू न—"

फोन कट झाला. सुषमानं समोरून येणाऱ्या जीपला हात केला.